खजिना फाशांवर सोडायचा की निवडून ठेवायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) सारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळांत नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी कथा, सुरू केलेल्या प्रत्येक डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हा प्रश्न लवकरच गाठतो. पहिली मोठी पेटी उघडायची वेळ येते आणि आत काय असावं हे ठरलेलं नसतं. मी दोन्ही पद्धतींनी कॅम्पेन चालवली आहेत. माझा कल पुढे कळेलच, पण तो डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीपुरता धरावा. कोणत्या नियमांनी खेळता यावर उत्तर बरंच अवलंबून आहे.

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर निवडूनच द्या, फार विचार करायला नको. तिथे खजिना गणितातच धरलेला असतो. चार जणांच्या पार्टीला, म्हणजे प्लेअरांच्या पात्रांच्या टोळीला, पहिल्या लेव्हलमध्ये एकूण १७५ सुवर्णमुद्रांचा ऐवज मिळावा असं कोष्टक पुस्तकात छापलेलंच आहे. चौथ्या लेव्हलच्या आसपास हत्यारावर स्ट्रायकिंग रून (वाराची ताकद वाढवणारी जादूची खूण) आलेला असेल, या हिशेबाने पुढची लढाई बेतलेली असते. फाशांनी तो दिला नाही तर बिचाऱ्या फायटरचे, म्हणजे लढवय्या पात्राचे, वार तोकडे पडू लागतात. ऑटोमॅटिक बोनस प्रोग्रेशन हा, वस्तूंऐवजी लेव्हलबरोबरच ताकद वाढवणारा पर्यायी नियम लावलात तर गोष्ट वेगळी. डीअँडडीच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीतही असंच होतं: दर लेव्हलला खजिन्याची दहा पार्सल, त्यातली चार जादूच्या वस्तूंची, आणि वर प्लेअरांकडून हव्या त्या वस्तूंची यादी मागून घ्या असा सल्ला. पाचव्या आवृत्तीने हे ओझं उतरवलं. जादूची एकही वस्तू नसली तरी पार्टीचं सहसा अडत नाही. त्यामुळे निवडीला खरा वाव इथेच आहे.

निवडून देण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. ग्रुपमध्ये एखादा लाजरा प्लेअर असतो, लढाईत मागे राहतो, बोलतही कमी. त्याच्या पात्रासाठी जपून ठेवलेली एक वस्तू त्याला अख्ख्या टेबलासमोर आणते. शिवाय कथेत एखाद्या जुन्या घराण्याची तलवार येणार असेल, तर ती फाशांच्या भरवशावर कशी ठेवणार? तयारीला वेळ जातो हे खरं, पण मला त्याचा कधी त्रास वाटला नाही.

त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. मी सगळ्यांकडून याद्या घेतल्या होत्या. पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणाऱ्या मित्राने फ्लेम टंग तलवार लिहिली होती. एका तळघरातल्या थडग्यांमधून पार्टी वाट काढत गेली, चांगली अटीतटीची लढाई झाली, पेटी उघडली, तर आत विझार्डच्या यादीतली छडी. पॅलाडिनवाला सहज म्हणाला, "म्हणजे पुढची माझी ना?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्याने फक्त हिशेब केला होता. पण त्यानंतर प्रत्येक पेटीला तेच. रेशनच्या रांगेसारखा प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक झाला. कोणाला किती मिळालं, कोणाचं किती बाकी आहे, हे मनात मांडलं जाऊ लागलं. पेटी उघडली की सगळे आत काय आहे ते विचारायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. आणि अखेर ती तलवार मिळाली तेव्हा त्याने "आली एकदाची" म्हणून कॅरेक्टर शीटवर लिहून टाकली. इतक्या दिवसांची हवीशी वस्तू, आणि टेबलावर क्षणभरही जल्लोष नाही. मला ते फार लागलं.

कदाचित तुमचा ग्रुप असा नसेल. याद्या न मागता, गुपचूप निवडून देणारे डीएम मी पाहिले आहेत आणि त्यांचं छान चालतं. पण माझा अनुभव असा की प्लेअर हुशार असतात. लागोपाठ तीन पेट्यांत नेमकं पार्टीच्या उपयोगाचंच निघालं, की निवडणारा हात त्यांना दिसतोच.

आता फासे. पाचव्या आवृत्तीच्या, २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइड या डीएमसाठीच्या पुस्तकातली कोष्टकं बऱ्याच जणांना विचित्र वाटतात, आणि काही अंशी ती आहेतही. सर्वांत खालच्या पातळीच्या खजिन्यावर डी१००, म्हणजे १ ते १०० आकड्यांचा फासा, टाकला, तर शंभरातले पहिले ३६ आकडे जादूची एकही वस्तू देत नाहीत. नाणी मात्र भरपूर. सरासरी धरली तर २१०० तांब्याची, १०५० चांदीची आणि ७० सोन्याची. पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे सगळं मिळून सुमारे २९ किलो, आणि त्यातल्या १९ किलो तांब्याची किंमत जेमतेम २१ सुवर्णमुद्रा. हे ओझं न्यायचं की टाकायचं यावर माझ्या टेबलावर जे वाद झाले, ते निवडून ठेवलेल्या कुठल्याच खजिन्याने घडवले नाहीत.

आणि मग अल्केमी जग. हा साधा दिसणारा जादूचा घडा माझ्या मनातही आला नसता, कोणाच्या यादीत तर नव्हताच. फाशांनी तो दिला. त्यातून बिअर निघते, मध निघतो, तेल निघतं, चक्क दोन गॅलन मेयॉनेजही निघतं. मात्र एकदा एक द्रव निवडला की पुढची पहाट होईपर्यंत दुसरा मिळत नाही. हॉबगॉब्लिनांच्या छावणीबाहेर पार्टी दबा धरून बसली होती आणि बिअर की तेल यावर कुजबुज सुरू झाली. रोग (चोर पात्र, इंग्रजीत rogue) म्हणाला तेल, पायऱ्यांवर ओतू. क्लेरिक (पुजारीण) म्हणाली, एवढ्याशा तेलाने काय होणार, बिअर चार गॅलन मिळते. चार गॅलन म्हणजे सुमारे १५ लिटर. शेवटी एका पिंपात ती भरली आणि फिरते दारूवाले बनून चौघं सरळ फाटकातून आत गेले. त्या सेशनला मी फारसं काही केलंच नाही, नुसता ऐकत बसलो होतो.

फाशांचे तोटे मी नाकारणार नाही. पुस्तकाच्या अंदाजाने एका पूर्ण कॅम्पेनमध्ये खालच्या कोष्टकावर ७ वेळा, त्यावरच्यावर १८, मग १२ आणि ८ वेळा खजिना निघतो. एवढे फासे पडले तर कमी-जास्त बऱ्यापैकी भरून निघतं. पण बरीच कॅम्पेन दहाव्या लेव्हलपर्यंतही पोचत नाहीत, आणि सुरुवातीच्या सात फाशांत नशीब सपशेल वाकडं जाऊ शकतं. २०१४ च्या नियमांनी खेळत असाल आणि पुढे वेअरवुल्फ येणार असतील, तर फायटरकडे चांदीचं किंवा जादूचं हत्यार नसणं जिवावर बेतू शकतं. अशी वस्तू फाशांवर सोडू नये. मी ती सरळ कुठेतरी ठेवून देतो.

खेळ थांबवून कोष्टकं चाळत बसण्याची कटकट मात्र सहज टाळता येते. मी फासे आदल्या दिवशीच टाकतो. त्याचा आणखी एक फायदा: जे निघालं ते पेटीतच असायला हवं असं नाही. मंतरलेली ढाल निघाली तर ती ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाच्या हातात असते, आणि पार्टीला तिचा पहिला परिचय आपले वार हुकताना होतो. ओगर पडल्यावर त्या ढालीवर सगळे कसे तुटून पडतात ते एकदा बघाच.

नियम घ्यायचेच असतील तर २०२४ ची नवी गाइड पाहावी. तिच्यात जादूच्या वस्तूंची कोष्टकं चार विषयांत विभागली आहेत. त्यामुळे शिपायांच्या गढीत आर्मामेंट्सवर (शस्त्रास्त्रं) आणि पडक्या देवळात रेलिक्सवर (पवित्र वस्तू) फासे टाकता येतात. खजिना जागेला शोभतो, तरी त्यात काय आहे हे आदल्या दिवसापर्यंत मलाही ठाऊक नसतं.