सात एलिमेंटची यागी अँटेना: भुसावळच्या गच्चीवरून व्हीएचएफ स्पर्धेत वापरल्यानंतर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्याकडून मी गेल्या डिसेंबरमध्ये दोन मीटर बँडसाठी (सुमारे दोन मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींसाठी) सात एलिमेंटची, म्हणजे एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या धातूच्या सात सळ्यांची, एकाच दिशेला रोखता येणारी यागी अँटेना आणि ती उभारण्याचा खांब बनवून घेतला. फेब्रुवारीत हौशी रेडिओ मंडळींनी आपसांत ठरवलेल्या अठरा तासांच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारितेच्या) स्पर्धेत, दूरदूरच्या स्थानकांशी संपर्क साधण्यासाठी, ती वापरली. मे महिन्यातील वादळी वारे आणि एक पूर्ण पावसाळाही तिने काढला आहे, त्यामुळे तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे मला वाटते. खांबासह एकूण खर्च अकरा हजार रुपयांच्या आसपास आला. घरगुती स्थानकातून व्हीएचएफ स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या खान्देशातील हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांनी नवीन रिगवर (रेडिओ संचावर) पैसे घालण्याआधी अशा अँटेनेवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती कारखाना देतो तशीच्या तशी घेऊ नये.

आधी भूगोल सांगतो, कारण या बँडवर त्याचे महत्त्व फार आहे. आपल्या देशात दोन मीटर बँड 144 ते 146 मेगाहर्ट्झ असा आहे. या वारंवारितेच्या लहरी एचएफ या कमी वारंवारितेच्या लहरींप्रमाणे आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) सहसा परावर्तित होत नाहीत, त्यामुळे अँटेनेची उंची आणि समोरचा मोकळा प्रदेश यांवर बरेच काही ठरते. उंचीच्या मीटरमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला 4.12 ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. माझी अँटेना जमिनीपासून 14 मीटरवर आहे, म्हणजे क्षितिज सुमारे 15 किलोमीटरवर. समोरच्याची अँटेनाही तेवढ्याच उंचीवर असेल तर दोघांमध्ये सुमारे 31 किलोमीटर. जळगाव भुसावळपासून 25 किलोमीटरवर असल्याने ते या मर्यादेत बसते. त्यापलीकडचे तेवढ्याच उंचीचे स्थानक मुख्यतः वातावरणातील नेहमीपेक्षा अधिक वक्रीभवन आणि विखुरणे यांच्या आधाराने ऐकू येते. तोरणमाळसारख्या ठिकाणी, भोवतालच्या खोऱ्यापेक्षा 900 मीटर उंचावर अँटेना नेली, तर हेच क्षितिज एकट्या तिच्यासाठी 120 किलोमीटरच्या पुढे जाते. घरून स्पर्धा करणाऱ्याला ते भाग्य नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधल्या तापीच्या सपाट खोऱ्यात आपण. अशा जागी उंचीची उणीव अँटेनेच्या लाभानेच (एका दिशेला शक्ती एकवटण्याच्या क्षमतेनेच) भरून काढावी लागते.

ही अँटेना तीन मीटर लांबीच्या चौकोनी ॲल्युमिनियम बूमवर (आडव्या दांड्यावर) बसवलेली आहे. मागचा रिफ्लेक्टर सुमारे 103 सेंटिमीटरचा आहे, त्यापुढे केबल जोडलेला एलिमेंट आहे आणि पुढचे पाच डायरेक्टर क्रमाने आखूड होत गेले आहेत. या लांबीच्या यागीकडून सुमारे 12 डीबीआय (लाभ मोजण्याचे डेसिबलमधील एकक) लाभाची अपेक्षा असते आणि माझ्याकडे आलेल्या अँटेनेच्या वागणुकीवरून ती पुरी होते असे दिसते. हा आराखडा मूलतः 1926 च्या सुमारास जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी मांडला. त्यात कारखान्याचे स्वतःचे असे काही नाही, परंतु मापांची अचूकता मात्र त्यांची आहे आणि ती वाखाणण्यासारखी आहे. मी प्रत्येक एलिमेंट मोजला; कुठेही एक मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला नाही. नॅनोव्हीएनए या मापकावर एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून किती शक्ती परत फिरते याचे माप; 1 म्हणजे उत्तम) 144.3 मेगाहर्ट्झला 1.2, 145.5 ला 1.4 आणि 146 ला 1.7 आला. गॅमा मॅच या जुळवणीच्या भागाला हातही लावावा लागला नाही.

खांबाचे काम तर त्याहून सरस आहे. तळाशी जाड पत्र्याची बिजागरी आहे, त्यामुळे एका बाजूचा ताण सोडला की दोन माणसांना संपूर्ण खांब गच्चीवर आडवा करता येतो. तळाच्या बेअरिंगवर तो हाताने फिरतो आणि फिरवण्याच्या दांड्याखाली अंशांच्या खुणा केलेली तबकडी बसवून दिली आहे. विजेवर चालणाऱ्या रोटेटरची किंमत पाहता ही सोय मला पुरेशी वाटली. फेब्रुवारीच्या रात्री दर वेळी गच्चीवर जावे लागते एवढेच, आणि मी रिगसुद्धा गच्चीवरच्या खोलीत मांडल्याने तेही चार पावलांचे काम होते.

आता ज्या तीन गोष्टी बदलाव्या लागल्या त्यांविषयी.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अँटेना खांबाला पकडणारा क्लँप. कारखाना तो बूमच्या मध्यावर बसवून देतो. एलिमेंट आडवे ठेवायचे असतील तर त्यात काही चूक नाही, कारण खांब त्यांना काटकोनात राहतो. परंतु आपल्याकडे दोन मीटरवर बहुतांश मंडळी एफएमवर आणि उभ्या अँटेनेवर असतात. एकाची अँटेना उभी आणि दुसऱ्याची आडवी असेल तर 20 डेसिबल किंवा त्याहूनही अधिक नुकसान होऊ शकते, म्हणजे सातही एलिमेंटची कमाई त्यात बुडते. म्हणून अँटेना उभी करावी, तर लोखंडी खांब नेमका एलिमेंटना समांतर आणि त्यांच्या मधोमध येतो आणि अँटेनेची दिशादर्शकताच बिघडवतो. जानेवारीत मी हे प्रत्यक्ष अनुभवले. जळगावच्या एका मित्राचा सिग्नल अँटेना त्याच्याकडे रोखली असताना कमी आणि 40 अंश बाजूला वळवली असताना अधिक येत होता. खांबाचा वरचा दोन मीटरचा भाग काढून तेथे व्हार्निश दिलेला वाळका बांबू बसवला, केबल खाली लोंबू न देता बूमवरून मागे रिफ्लेक्टरच्या पलीकडे नेऊन उतरवली आणि अँटेना पूर्ववत वागू लागली. आपल्या देशातील वापर लक्षात घेता हा पर्याय कारखान्यानेच द्यायला हवा.

दुसरी गोष्ट केबलची. संचासोबत 20 मीटर आरजी-58 केबल मिळते. एवढ्या लांबीत या वारंवारितेला तिच्यात सुमारे 4 डेसिबल वाया जातात. माझ्या यायसू एफटी-991ए रिगमधून निघालेल्या 50 वॅटपैकी वर जेमतेम 20 वॅट पोहोचतात, आणि येणारा क्षीण सिग्नलही त्याच प्रमाणात घटतो. मी एलएमआर-400 घेतली. तिच्यात नुकसान सुमारे 1 डेसिबल, म्हणजे अँटेनेपर्यंत 40 वॅट जातात. केबल नको असे सांगितल्यास कारखाना तेवढी रक्कम कमी करतो, हे मला उशिरा कळले.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. बूमवरचे नटबोल्ट साध्या लोखंडाचे होते आणि ॲल्युमिनियमला लागून असल्याने ते लवकर गंजले. जुलैत एसडब्ल्यूआर एकाएकी 3 वर गेला; खांब आडवा करून पाहिले तेव्हा फीड पॉइंटच्या (केबल जोडण्याच्या जागेच्या) डबीत पाणी साचलेले आढळले. कारखान्याने डबी विनामूल्य बदलून दिली आणि नवीन डबीच्या तळाला पाणी निथळण्यासाठी भोकही ठेवले. मेच्या वादळात मात्र, ज्या वाऱ्याने रावेर-यावल भागात केळीच्या बागा आडव्या होतात तशा वाऱ्यात, बूम किंवा खांब यांपैकी काहीही वाकले नाही.

स्पर्धेत या अँटेनेने काय केले हे सांगणे हेच खरे परीक्षण. प्रत्येक संपर्काला दोन स्थानकांमधील अंतराएवढे गुण, प्रत्येकाने सिग्नलचा अहवाल, अनुक्रमांक आणि सहा अक्षरांचा लोकेटर (नकाशावरील जागेचा संकेत) सांगायचा, रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारे मधले केंद्र) वर्ज्य, असे नियम होते. युरोपातील व्हीएचएफ स्पर्धांमध्ये रुळलेलीच ही पद्धत आहे. 1980 मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथे ठरलेल्या या लोकेटर पद्धतीत माझे घर एमएल71व्हीबी या चौकोनात येते. चार अक्षरांचा मोठा चौकोन आपल्या अक्षांशावर सुमारे 207 किलोमीटर रुंद आणि 111 किलोमीटर उंच असतो, आणि 21 अंश उत्तर अक्षांशाची रेषा जळगावला लागूनच जात असल्याने खान्देशाचा बहुतेक भाग एमएल70 आणि एमएल71 या दोनच चौकोनांत मावतो. रावेर आणि मुक्ताईनगर मात्र 76 अंश रेखांशाच्या पलीकडे, एमएल81 मध्ये पडतात. नियम अंतराचा असल्यामुळे जवळची वीस स्थानके गोळा करण्यापेक्षा लांबचे एक स्थानक मिळवणे अधिक मोलाचे ठरते, आणि दिशादर्शक अँटेनेला खरी किंमत तेथेच येते.

माझ्या घरापासून जळगाव, अमळनेर, धुळे आणि सुरत ही सारी गावे जवळपास एकाच दिशेला, पश्चिमेला आहेत. तापीचे खोरे ज्या दिशेने उघडते तीच ही दिशा. यागीचा झोत सुमारे 45 अंश रुंद असल्याने एकदा पश्चिमेला रोखलेली अँटेना हलवण्याची गरजच पडत नव्हती, आणि पहिल्या दोन तासांत अकरा संपर्क झाले. त्यात धुळ्याची दोन स्थानके होती, प्रत्येकी 107 किलोमीटरवरची. बांबूवरच्या साध्या उभ्या अँटेनेने जे धुळे मला वर्षभर केवळ खरखरीत ऐकू येत असे, तेथील प्रत्येक शब्द या वेळी स्वच्छ होता.

याच गुणामुळे माझी एक चूकही झाली. बऱ्हाणपूरचे एक स्थानक संध्याकाळपासून मला हाक देत होते आणि ते मला रात्री साडेअकरापर्यंत कळलेच नाही. अँटेना मागच्या बाजूने येणारे सिग्नल पुष्कळ दाबते, आणि एफएममध्ये दोन सिग्नल एकाच वेळी आले की बलवान असेल तोच ऐकू येतो. जळगावच्या स्थानकांखाली ते सतत झाकले जात होते. तेव्हापासून दर पंधरा मिनिटांनी खांब एकदा पूर्ण फिरवण्याचा नियम मी केला, आणि त्या रात्रीच अकोला आणि छत्रपती संभाजीनगर लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) आले. अजिंठ्याची रांग मध्ये असूनही 138 किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर मिळाले, याचे कारण ते शहर पठारावर उंच वसले आहे. सातपुड्यापलीकडचे इंदूर मात्र शेवटपर्यंत ऐकू आले नाही.

गोंगाटाच्या बाबतीतही या अँटेनेचा उपयोग झाला. रेल्वेच्या 25 किलोव्होल्टच्या तारांची मला भीती होती, पण प्रत्यक्षात शेजारच्या एलईडी दिव्यांचा त्रास अधिक निघाला. अँटेना दहा-पंधरा अंश सरकवून तो बराच कमी करता आला. साध्या उभ्या अँटेनेत ही सोय नाही.

पहाटे पाच वाजता मी आणि माझ्या मुलाने खांब आडवा केला, एलिमेंट आडवे केले आणि दहा मिनिटांत अँटेना पुन्हा उभी राहिली. हिवाळ्यातील पहाटे खोऱ्यात थंड हवा खाली आणि उबदार हवा वर असा थर बसतो आणि त्याखाली लहरी दूरवर वाहून नेल्या जातात. अशा वेळी क्षीण सिग्नलसाठी एफएमपेक्षा एसएसबी (एकच पार्श्वपट्टी वापरणारी प्रसारण पद्धत) उपयोगी पडते, आणि एसएसबीवरची मंडळी सहसा आडव्या अँटेना वापरतात. सहा वाजून वीस मिनिटांनी सुरतचे स्थानक आले, आधी अगदी पुसट आणि मग क्रमाने चढत गेलेले. अंतर 307 किलोमीटर. आम्ही अहवाल, अनुक्रमांक आणि लोकेटर यांची देवाणघेवाण केली, दोघांनीही ती पुन्हा वाचून खात्री केली आणि 73 (हौशी रेडिओतील निरोपाच्या शुभेच्छा) म्हटले. ऊन चढू लागल्यावर अर्ध्या तासात तो सिग्नल पूर्णपणे मावळला. जळगावच्या बारा संपर्कांचे गुण त्या एका संपर्काने दिले, आणि बिजागरीचा खांब नसता तर पहाटेच्या अंधारात अँटेना आडवी करण्याचा विचारही मी केला नसता.

ज्यांना ही अँटेना मागवायची असेल त्यांनी ऑर्डर देतानाच क्लँप बूमच्या मागच्या टोकाला, रिफ्लेक्टरच्या पलीकडे मागावा आणि सर्व नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे लिहून घ्यावेत. त्यासाठी कारखाना साधारण सहाशे रुपये अधिक घेतो. केबल त्यांच्याकडून घेऊ नये. परवान्याची प्रत दाखवण्याची गरज त्यांच्याकडे पडत नाही, परंतु प्रसारण करण्यासाठी दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना आवश्यकच आहे. काम हातात घेतल्यापासून तीन आठवडे लागतात आणि मार्चनंतर ठिबक सिंचनाची कामे आली की हा कालावधी दुप्पट होतो, त्यामुळे पुढील फेब्रुवारीच्या स्पर्धेसाठी नोव्हेंबरमध्येच मापे द्यावीत.