ब्रिज कॅमेरा की १५०-६००? नांदूरच्या मनोऱ्यावरून

नांदूर-मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की समोर चित्रबलाक, हळदी-कुंकू बदकं, वारकरी पक्ष्यांची दाटी. आणि मोबाईलच्या फोटोत नुसते काळे ठिपके. नाशिककरांच्या डोक्यात कॅमेरा घ्यायचं खूळ बहुतेक वेळा इथेच शिरतं. मग दोन पर्याय समोर येतात. एक, निकॉन पी९५०सारखा ब्रिज कॅमेरा, ज्याची लेन्स काढता येत नाही. दुसरा, निकॉनची एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरची, लेन्स बदलता येणारी) बॉडी आणि तिच्यावर सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स.

कागदावर ब्रिज सहज जिंकतो. ८३ पट झूम, फुलफ्रेमच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात २००० मिलिमीटर. ६०० ची लेन्स एपीएस-सीच्या लहान सेन्सरमुळे मिळणारा दीडपट क्रॉप धरूनही ९०० वर थांबते. पण नांदूरला हे २००० कामाला येतं ते सकाळीच. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या चक्रवाकाच्या पिसांचा शिरा होतो. तेव्हा महागडी लेन्सही वाचवत नाही, जवळ काय आहे ते बघायचं.

खरा फरक उजेड कमी असताना कळतो. पूर्ण झूमला दोघांचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, जवळपास सारखंच, एफ ६.५ आणि ६.३. पण एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ ब्रिजच्या सेन्सरच्या सुमारे तेरापट. डिसेंबरातल्या धुक्यात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० वर नेला की ब्रिजमध्ये जांभळ्या पाणकोंबडीची पिसं रांगोळीसारखी विस्कटतात. मोठा सेन्सर तेवढं सहज पचवतो. आणि उडते पक्षी! दलदली हारिण हा शिकारी पक्षी बदकांवरून फिरतो, सगळा थवा उठतो, आणि ब्रिजचा फोकस मागेपुढे चाचपडत बसतो. माझ्याकडे अशा रिकाम्या आभाळाचं एक अख्खं फोल्डर आहे.

तरी ब्रिजला हसू नका. त्याचं वजन एक किलो. लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास, वर बॉडी. अंजनेरी डोंगराच्या पायऱ्या चढताना खांदा हिशेब मागतो. शिवाय पावसाळ्यात अंजनेरीवर जायचं ते फुलांसाठी. याच डोंगराचं नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात तिथे आहे. ब्रिज झूम कमी करून एक सेंटिमीटरवरून फोकस करतो. सिग्माची १५०-६०० पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाही, म्हणजे फुलांसाठी वेगळी लेन्स आली, वेगळा खर्च आला. मुळात बॉडी आणि लेन्स मिळूनच ब्रिजच्या दुपटीच्या घरात जातात.

महिन्यातून एखादा रविवार, सोबत घरची मंडळी, पक्षी ओळखायला फोटो हवा: ब्रिज घ्या, मनात किंतू ठेवू नका. पहाटे साडेपाचला गाडी काढणारे असाल आणि उडत्या पक्ष्याचा फोटो हुकला म्हणून दिवसभर चिडचिड होत असेल, तर ब्रिज वर्षभरात विकायला काढाल. अशांनी थांबून पैसे साठवावेत, किंवा लेन्स जुनी घ्यावी. फक्त आत बुरशी नाही ना, हे टॉर्च मारून बघावं.

काहीही घ्या, कॅमेरा टेकवायला जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तीत दीड किलो तांदूळ भरा. मनोऱ्याच्या कठड्यावर ट्रायपॉडचे पाय पसरायला जागा नसते, ही पिशवी मात्र मस्त बसते.