उच्च न्यायालयासाठी नाव जोखताना: बारमधली चौकशी की निकालपत्रांचं वाचन?

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी एखादं नाव पुढे आलं की पात्रतेचा प्रश्न सहसा दहा मिनिटांत मिटतो. राज्यघटनेच्या कलम २१७(२) प्रमाणे भारताचं नागरिकत्व आणि दहा वर्षं न्यायिक पद किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली, एवढंच तपासायचं असतं. तिथेही चूक होऊ शकते. गुवाहाटी उच्च न्यायालयासाठीच्या एका नेमणुकीवर राष्ट्रपतींची सही झाली होती, पण त्या व्यक्तीने न्यायिक पद कधी भूषवलंच नव्हतं. १९९२ मध्ये कुमार पद्म प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली.

खरी अडचण योग्यतेची आहे. महेशचंद्र गुप्ता प्रकरणात (२००९) न्यायालयाने रेघ आखून दिली: पात्रतेची न्यायालयीन छाननी होते, योग्यतेची होत नाही. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या एका नेमणुकीला आव्हान दिलं गेलं तेव्हाही तीच रेघ कायम राहिली. म्हणजे योग्यता पारखायची ती शपथविधीच्या आधीच. निवृत्तीचं वय ६२. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलेली व्यक्ती चौदा वर्षं अपिलं ऐकणार, आणि मधल्या काळात तिला हटवायला महाभियोगाशिवाय मार्ग नाही.

वकील संघटनेच्या समितीवर असाल, कायद्याचं वार्तांकन करत असाल किंवा अशा नावावर मत द्यायची वेळ आली असेल, तर हाताशी दोन पद्धती असतात. एक चौकशीची: बारमध्ये, म्हणजे तिथल्या वकीलवर्गात, आणि निवृत्त न्यायाधीशांकडे विचारपूस करायची. दुसरी वाचनाची: माणसाने लिहिलेलं काढून बसायचं. वेळ थोडा असतो आणि एकाच पद्धतीवर भर द्यावा लागतो, म्हणून ही तुलना.

चौकशीतून जे कळतं ते कुठल्याही निकालपत्रात सापडत नाही. नाव न्यायिक सेवेतलं असेल तर न्यायाधीश वेळेवर बसतात का, ज्युनियर उभा राहिला तर ऐकून घेतात का, बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) संपवायच्या घाईत साक्षीदाराची उलटतपासणी तोडतात का, युक्तिवाद संपल्यावर निकाल किती महिने राखून ठेवतात, सरकारी पक्ष समोर असला की आवाज बदलतो का. सचोटीबद्दलची कुजबुजही इथेच ऐकू येते. नीट चौकशी करायची तर आठ-दहा जणांशी बोलावं आणि त्यांतले निम्मे त्या न्यायाधीशांपुढे हरलेले असावेत. जिल्हा न्यायाधीशांची बदली साधारण तीन वर्षांनी होत असल्याने किमान दोन ठिकाणच्या बारला विचारावं, त्यातलं एक तालुक्याचं. ‘कसे आहेत?’ या प्रश्नाला हाती लागेल असं उत्तर येत नाही. ‘गेल्या दोन वर्षांत त्यांच्यापुढे हरलेलं एक मॅटर सांगा, आणि का हरलात ते सांगा’ असं विचारलं की माणूस विचार करून बोलतो.

एवढं करूनही या पद्धतीतला एक त्रास जात नाही, आणि माझा कौल त्यावरच ठरला. मताला परिच्छेद क्रमांक नसतो. ‘विद्वान आहेत’, ‘कडक आहेत’, ‘जरा सौम्यच’: ही वाक्यं परत जाऊन तपासता येत नाहीत. तारीख वाढवून दिली नाही म्हणून कडक म्हणवले जाणारे न्यायाधीश आणि साक्षीपुरावा न वाचता अपिलं फेटाळणारे न्यायाधीश बारमध्ये एकाच शब्दात बसतात. शिवाय पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली की आपण ती पाच वेळा मोजतो. मागे जात राहिलं तर पुष्कळदा पाचही जणांनी ती एकाकडूनच ऐकलेली निघते, आणि तो एकही त्या वेळी कोर्टरूममध्ये नसतो. ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याला उत्तर देण्याची संधी नसते, कारण बोलणाऱ्याचं नाव गुप्त ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या फेडरल अपील न्यायालयांसाठीच्या नावांवर तिथल्या बार असोसिएशनची स्थायी समिती सचोटी, व्यावसायिक क्षमता आणि न्यायिक स्वभाव हे तीन निकष लावते. तिचं कामही गोपनीय मुलाखतींवर उभं आहे, म्हणून हा आक्षेप तिलाही लागू पडतो. मात्र ती समिती उमेदवाराचं लेखनही वाचते, ही तिची जमेची बाजू.

आता वाचन. पहिली खबरदारी: उमेदवाराने स्वतः निवडून दिलेली निकालपत्रं बाजूला ठेवावीत. ती चांगलीच असणार. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर न्यायालय आणि तारखांची मर्यादा देऊन स्वतः बारा निकालपत्रं काढावीत. माझी विभागणी अशी असते: चार दिवाणी अपिलं, त्यांत दोन खालचा निकाल फिरवलेली आणि दोन कायम केलेली, तीन फौजदारी अपिलं, दोन सत्र खटले, एक जामीन अर्ज, एक मोटार अपघात दावा आणि एक लवाद निवाड्याला दिलेलं आव्हान. दिवाणी अपिलांना सर्वात जास्त वेळ द्यावा, कारण पुढे उच्च न्यायालयात करायचं काम त्यांच्याच जातीचं आहे.

अपिलाचं निकालपत्र हाती आलं की आधी मुद्द्यांचा तक्ता पाहावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ३१ नुसार निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय, कारणं आणि हुकूमनामा फिरवला असेल तर द्यायचा दिलासा, हे सगळं लिहिणं बंधनकारक आहे. ‘खालच्या न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप आवश्यक आहे काय? नाही.’ एवढाच मुद्दा काढलेला असेल तर तो मुद्दाच नव्हे. विक्री कराराच्या पूर्ततेच्या दाव्यात ‘वादी आपला भाग पुरा करायला तयार आणि इच्छुक होता काय’ हा मुद्दा हवा. ताब्याच्या वादात ताबा कोणत्या तारखेपासून प्रतिकूल (मूळ मालकाच्या हक्काविरुद्धचा) झाला हे विचारलेलं दिसायला हवं. मुद्दा नीट काढता आला तर अर्धं अपील सुटतं. ज्यांना तो काढता येत नाही त्यांची पुढची वीस पानं बहुधा दोन्ही बाजूंचा युक्तिवाद उतरवण्यात आणि निवाड्यांचे लांबच लांब उतारे डकवण्यात जातात.

मग फिरवलेले दोन निकाल घ्यावेत. संतोष हजारी प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की निकाल कायम करताना खालच्या कारणांशी सहमती दाखवणं सहसा पुरतं. फिरवताना मात्र त्या कारणांना भिडून आपली वेगळी कारणं द्यावी लागतात. कनिष्ठ न्यायाधीशाने एखाद्या साक्षीदारावर का विश्वास ठेवला, हे वाक्य फिरवणाऱ्या निकालपत्रात आहे का ते शोधावं. तसंच हरलेल्या बाजूचा सर्वात जोरकस मुद्दा कागदावर आला आहे का, तेही. तो गाळूनच निकाल लिहिलेला असेल तर भाषा कितीही सफाईदार असो, मला ती त्रुटी गंभीर वाटते.

फेरविचारासाठी परत पाठवलेली प्रकरणं वेगळी काढावीत. नोंदीवरचा पुरावा पुरेसा असेल तर अपील न्यायालयाला त्याच आदेश ४१ च्या नियम २४ खाली स्वतःच अंतिम निर्णय देता येतो. तसं असूनही दावा परत पाठवला असेल तर पक्षकाराची कित्येक वर्षं वाया गेलेली असतात. नियम २७ खालचा जादा पुराव्याचा अर्ज अपिलाबरोबर निकाली काढलाय की तसाच पडून राहिलाय, हे रोजनाम्यावरून, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदींवरून, कळतं. एका निकालपत्राला पाऊण तास धरला तर बारांना नऊ तास लागतात. दोन रविवारचं काम.

वरच्या न्यायालयाने किती निकाल फिरवले, या आकड्यावर मात्र विसंबू नये. मधल्या काळात कायदा बदलला म्हणून फिरलेला निकाल आणि उलटतपासणीतली कबुली नजरेतून सुटली म्हणून फिरलेला निकाल आकड्यात सारखेच दिसतात.

वाचनाची पद्धत लंगडी पडते ती बारमधून आलेल्या नावांपाशी. वकिलाच्या सहीचं निकालपत्र नसतं. माहितीपत्रात छापून आलेल्या निवाड्यांची संख्या असते, पण हजेरीच्या यादीतल्या पाच नावांपैकी युक्तिवाद कोणी केला हे त्यातून कळत नाही. अशा मोजणीचं काय होतं ते ज्येष्ठ वकिलांच्या नामनिर्देशनात दिसलं आहे. २०१७ च्या १०० गुणांच्या पद्धतीत निवाड्यांना ४०, वकिलीच्या वर्षांना २०, लेखनाला १५ आणि मुलाखतीला २५ गुण होते. २०२३ मध्ये लेखनाचे ५ आणि निवाड्यांचे ५० झाले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गुणपद्धतच सोडून दिली. वकिलाबाबत काही प्रमाणात उपयोगी पडतं ते लेखी युक्तिवादाचं टिपण आणि अपील मेमोतली (अपिलाच्या अर्जातली) कारणं. चाळीस कारणांचा मेमो आणि सहा कारणांचा मेमो शेजारी ठेवले तर कोणाला प्रकरण कळलंय ते दिसतं. मसुदा ज्युनियरचा असण्याची शक्यता उरतेच. म्हणून बारमधल्या नावांसाठी चौकशीला जास्त वजन द्यावं लागतं, हे मान्य. न्यायिक सेवेतल्या नावांसाठी माझा कल वाचनाकडे आहे.

डिसेंबर २०२४ पासून सर्वोच्च न्यायालयाचं न्यायवृंद (कॉलेजियम, म्हणजे नेमणुकांची शिफारस करणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ) उच्च न्यायालयांसाठी सुचवलेल्या उमेदवारांना प्रत्यक्ष भेटू लागलं. भेटीत वागणं-बोलणं कळतं. पण टेबलावर त्याच उमेदवाराचं निकालपत्र उघडं असेल आणि प्रश्न एखाद्या परिच्छेदावर असेल, तर अपिलाचा न्यायाधीश म्हणून तो विचार कसा करतो हेही कळू शकेल.

दोन्ही पद्धती वापरणं शक्य असेल तर क्रम सांभाळावा. आधी विचारपूस केली की नंतरच्या वाचनात माणूस ऐकलेलंच शोधत राहतो. आधी वाचलं तर चौकशीला नेमका प्रश्न मिळतो. हरलेल्या बाजूच्या वकिलाला फोन करून विचारता येतं: ‘मुदतीचा मुद्दा निकालपत्रात कुठेच नाही, तुम्ही तो मांडला होता का?’ त्यावर ‘न्यायाधीश कडक आहेत’ असं उत्तर देऊन चालत नाही. मांडला असेल तर लेखी टिपणाची प्रत मागावी आणि ते पान निकालपत्राशेजारी ठेवून पाहावं.