तीन किलोवॅटचं घर

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जणांनी इटलीत, टस्कनीमध्ये, एक शेतघर भाड्याने घेतलं. शनिवार ते शनिवार. हंगामात तिकडे असंच देतात, मधेच येऊन मधेच निघता येत नाही. जागा वाल दोर्चा खोऱ्यातली, पिएन्त्सा आणि सान क्विरिको या गावांच्या मधली. घराचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार आहे आणि मालकीणबाई माणूस म्हणून चांगल्या होत्या. पण असल्या घरात राहायचं कोणाच्या मनात असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून लिहिते.

आम्ही म्हणजे मी, आमचे हे, लेक-जावई, नऊ वर्षांची नात आणि विहीणबाई. मी वीज मंडळात ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झाले. हे मुद्दाम सांगते, पुढे लागणार आहे.

रोमच्या विमानतळावरून गाडी घेतली. जावयांनी निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणलं होतं, तिथे नुसतं आपलं लायसन्स चालत नाही. हायवेने कियूसीपर्यंत आणि पुढे आत, असे अडीच तास. जाहिरातीत ‘गावापासून पाच मिनिटं’ लिहिलं होतं. त्यातले शेवटचे दोन किलोमीटर डांबराशिवाय आहेत हे नव्हतं लिहिलं. ‘स्त्रादा बियांका’ म्हणजे पांढरा रस्ता, पांढुरक्या खडीचा. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा, आणि ते कोणीतरी म्हणजे नेहमी आम्हीच. आठवडाभरात काळी गाडी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी झाली. नातीने मागच्या काचेवर बोटाने स्वतःचं नाव लिहिलं होतं, ते गाडी परत देईपर्यंत तसंच होतं.

घर मात्र बघताक्षणी आवडलं. दगडी, दीड हात जाडीच्या भिंती, खाली भाजक्या मातीच्या लाल फरशा, वर लाकडी तुळया. एसी नाही. जूनमध्ये लागलाही नाही, जाड भिंतींनी निभावलं. जुलै-ऑगस्टचं मी सांगू शकत नाही. वरच्या खोल्यांच्या खिडक्यांना जाळ्या नव्हत्या, तेव्हा डासांचं मलम इथूनच न्या.

स्वयंपाकघरात शिरल्यावर विहीणबाई एका भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीला लागून दगडविटांची लांब कुंडी होती, त्यात मालकांनी ताटल्या आणि वाइनच्या बाटल्या मांडून ठेवलेल्या. लेक म्हणाली, “किती सुंदर शेल्फ आहे ना.” विहीणबाईंनी कडेवरून हात फिरवला. घासून घासून गुळगुळीत झालेली कड. “अगं शेल्फ कसलं, गव्हाण आहे ही. हा गोठा होता.” त्यांच्या माहेरी, कागल तालुक्यात, अजून दोन म्हशी आहेत. त्यांना हे सांगायला गाईड लागत नाही.

त्यांचं खरं निघालं. या भागातली जुनी घरं अशीच असतात. खाली गुरं, वर माणसं, वर जायला बाहेरून दगडी जिना. या घरांना आणि त्यांच्या जमिनीला मिळून ‘पोदेरे’ म्हणतात. राहणारं कुटुंब मालक नसायचं. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मं निम्मं. आपल्याकडे ज्याला अर्धलीने करणं म्हणतात तेच, तिकडे ‘मेझाद्रिया’. १९६४ साली कायदा करून असे नवे करार बंद केले, पण त्याआधीच कुळं शहरात आणि कारखान्यांत निघून चालली होती. मागे ही रिकामी घरं राहिली. त्यातल्याच काही घरांत आता आपल्यासारखे लोक युरो मोजून राहायला जातात. आमचे हे हिशेबी माणूस. जिथे पूर्वी दोन बैल राहायचे तिथे आपण आठवड्याला १,४५० युरो देतोय, हे त्यांनी सात दिवसांत किमान पाच वेळा बोलून दाखवलं.

आता विजेचं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमाराला लेकीने ओव्हनमध्ये भाज्या भाजायला ठेवल्या, वॉशिंग मशीन लावलं, आणि विहीणबाईंनी इथून नेलेली केटल चहासाठी सुरू केली. दोन-तीन मिनिटांत घर काळोखात. घरातल्या बोर्डवरचे सगळे स्विच वरच होते. जावई मालकीणबाईंना फोन लावायला निघाले, मी म्हटलं थांबा.

इटलीत घरगुती जोडणी साधारणपणे तीन किलोवॅटची असते. आपल्या भाषेत मंजूर भार तीन. त्यावर दहा टक्के सूट, म्हणजे ३.३ पर्यंत कितीही वेळ चालतं. थोडं वर गेलं तर मीटर काही काळ सांभाळून घेतो, फार वर गेलं की स्वतःच पुरवठा तोडतो. आमचा ओव्हन दोन किलोवॅट, मशीन पाणी तापवताना दोनच्या आसपास, केटल दीड. तिकडच्या माणसाला केटल लागत नाही, तो गॅसवर मोका पॉटमध्ये कॉफी करतो. आणि मीटर म्हणजे स्मार्ट मीटर. आपल्याकडे आत्ता ज्यावरून भांडणं चालू आहेत ते तिथे २००१ पासून बसवायला सुरुवात झाली. एवढं मला नोकरीत असताना माहीत होतं, पण तो मीटर खरोखर हात लावून बघायची वेळ कधी आली नव्हती.

मीटर घरात नव्हता. रस्त्याला जिथे आपली वाट फुटते तिथे एका छोट्या दगडी कोनाड्यात होता. मी, जावई आणि नात मोबाईलच्या उजेडात चालत गेलो. दोन्ही बाजूंना कमरेएवढा गहू, निम्मा हिरवा, निम्मा पिवळा. आणि त्या गव्हावर काजवे, इतके की नातीने मला टॉर्च बंद करायला लावला. मग पुढची वाट आम्ही अंधारातच चाललो. कोनाड्याचं पत्र्याचं दार उघडलं, कोळ्याचं जाळं बाजूला केलं, मीटरवरची खाली पडलेली दांडी वर केली. लांब टेकडीवर घर उजळलं आणि विहीणबाईंची “आली, आली!” अशी आरोळी इथपर्यंत ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिजवर कागद चिकटवला: ओव्हन चालू असेल तेव्हा मशीन बंद, केटल सकाळी आठच्या आधी. विहीणबाईंनी चष्मा लावून तो वाचला. म्हणाल्या, “एकतीस वर्षं आम्हाला लोडशेडिंग दिलंत, आता इटलीतही?” मला उत्तर सुचलं नाही.

बाथरूमची काळजी करू नका. युरोपात गेलं की आपल्या माणसाला जी चिंता असते ती इटलीत नाही. कमोडशेजारी दुसरं बसकं भांडं असतं, बिडे, नळासकट. १९७५ सालच्या सरकारी हुकुमाप्रमाणे प्रत्येक घरात निदान एका बाथरूममध्ये ते असावंच लागतं. आमच्या ह्यांनी त्या कायद्याचं जेवढं कौतुक केलं तेवढं मायकेलअँजेलोचं केलं नाही.

स्वयंपाकाला गॅस होता, त्यामुळे तीन लिटरचा कुकर छान चालला. एकदा मालकीणबाई अंडी द्यायला आल्या आणि नेमकी शिट्टी झाली. त्या दारातून दोन पावलं मागे गेल्या. मग फोनच्या भाषांतरावर त्यांना कुकर समजावला. त्यांना तो बॉम्ब नाही हे पटलं, पण आत आल्या नाहीत. तिथला पाव मात्र अळणी असतो, बेकरीवाला मीठ विसरला असं वाटतं. ती तिथली रीत आहे, सोबत खारट चीज आणि हॅम खातात म्हणून. आम्ही लसणाच्या चटणीशी खाल्ला आणि तो पाव यासाठीच केलाय अशी आमची खात्री झाली. पिएन्त्साचं पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, जरूर आणा. ताजं मऊ मिळतं, जुनं कडक. जुनं घ्या. ‘पीची’ नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया मिळतात, नुसत्या पीठ-पाण्याच्या. त्या ‘आल्योने’ या मोठ्या, सौम्य लसणाच्या टोमॅटो रश्शात खा. शाकाहारी माणूस आठवडा आरामात काढतो. सुपरमार्केटमध्ये भाजीला उघड्या हाताने हात लावायचा नाही, प्लास्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात. विहीणबाईंनी पहिल्या दिवशी टोमॅटो दाबून बघितला आणि शेजारच्या बाईने असं पाहिलं की बस.

फिरणं थोडक्यात. पिएन्त्सा हे पोप दुसरे पायस यांचं जन्मगाव, १४५९ पासून त्यांनी ते नव्याने बांधवून घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. चर्च मागच्या बाजूने खचत आलंय, आत उतार पायाला कळतो. बान्यो विन्योनीला गावाच्या चौकातच गरम पाण्याचा मोठा हौद आहे. त्यात उतरायला मनाई. पण ते पाणी खाली जुन्या गिरण्यांकडे वाहत जातं, तिथे विहीणबाई गुडघ्यांसाठी तासभर पाय सोडून बसल्या.

तक्रार अशी. ‘सहा जणांसाठी’ म्हणजे पाच जणांसाठी आणि एक स्वयंपाकघरातला सोफा. शेवटच्या साफसफाईचे १२० युरो रोख, हे जाहिरातीत कुठेच नव्हतं, पोहोचल्यावर सही करायच्या कागदावर होतं. एवढे देऊनही भांडी घासून, कचरा पाच प्रकारांत वेगळा करून आपणच ठेवायचा. पर्यटक कर वेगळा, पण तो गावाचा असतो, त्याबद्दल म्हणणं नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: शेवटचा रस्ता कसला, सफाईचे किती, आणि मीटर किती किलोवॅटचा.

पाचपैकी चार तारे दिलेत. सप्टेंबरात द्राक्षतोडणीला परत जायचं असं विहीणबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलंय. मी मालकीणबाईंना मेसेज केला, साडेचार किलोवॅटची जोडणी मिळते, करून घेता का. त्यांनी हसरा चेहरा पाठवलाय.