फ्लुएंटची यूडीएफ सोय: हिशेब चोख, चुकांचा पत्ता मात्र भलताच

हवा-पाण्याचा प्रवाह आणि उष्णता यांचं गणित करणाऱ्या अन्सिस फ्लुएंट या सॉफ्टवेअरला स्वतः लिहिलेलं सी-फंक्शन जोडता येतं. हीच यूडीएफ (युजर-डिफाइन्ड फंक्शन) सोय. बदलतं तापमान, बाष्पीभवनाने शोषली जाणारी उष्णता, पदार्थाचे स्वतःचे गुणधर्म असं मेनूत नसलेलं जवळजवळ काहीही तिने घालता येतं. गणिताच्या बाबतीत तिच्यावर पूर्ण विश्वास टाकावा. तक्रार आहे ती बिघाड झाल्यावर पडद्यावर येणाऱ्या संदेशांबद्दल. चूक एका ठिकाणी असते आणि संदेश बोट दाखवतो दुसरीकडे. गोव्यात फर्मागुडी, वेर्णा, झुआरीनगर इथल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला फ्लुएंट घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घेतलं तर कित्येक रात्री वाचतील.

पारखायला घरचंच उदाहरण घेऊ: भिरंडांची (कोकमांची) सोलं वाळवायचा सौर ड्रायर. दोन फंक्शनं पुरतात. एक आत येणाऱ्या हवेचं तापमान तासागणिक बदलतं, दुसरं ट्रेमधल्या थरातून उष्णता काढून घेतं.

पहिला अडथळा कंपाइल करतानाच येतो. यूडीएफ दोन प्रकारांनी चालते: ओळीओळीने वाचत (इंटरप्रिटेड) किंवा आधी कंपायलरने मशीनच्या भाषेत बांधून (कंपाइल्ड). इंटरप्रिटेड प्रकाराला कंपायलर लागत नाही, पण तो हळू चालतो, त्यात स्ट्रक्चर, फंक्शन-पॉइंटर वगैरे चालत नाहीत आणि फ्लुएंटच्या आतल्या डेटा-स्ट्रक्चरला थेट हात लावता येत नाही. शिकण्यापुरता ठीक. खऱ्या कामाला कंपाइल्डच घ्यावा. पूर्वी विंडोजवर त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ लागायचं आणि ‘एनमेक ही कमांड ओळखली नाही’ हा संदेश ठरलेला असायचा. म्हणजे कंपायलर आहे, पण फ्लुएंटला त्याचा रस्ता माहीत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत विंडोजसाठी कंपायलर सोबतच येतो, फक्त डायलॉगमध्ये ‘बिल्ट-इन कंपायलर’ची खूण करायची. गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे.

तरीही ‘लायब्ररी (बांधून तयार झालेला कोड) या प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल केलेली नाही’ हा संदेश पुष्कळांना भेटतो. तो वाचून लोक विंडोज बदलायला निघतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: बिल्ड मुळातच फसलेली असते आणि लोड करायला फाइलच नसते. लोडच्या संदेशाकडे न बघता कन्सोलमध्ये वर जावं, बिल्डच्या वेळची पहिली चूक शोधावी आणि फक्त तीच दुरुस्त करावी. खालच्या वीस चुका तिचीच पिल्लं असतात. दुसरं कारण म्हणजे लायब्ररी डबल प्रिसिजनमध्ये बांधली आणि फ्लुएंट सिंगलमध्ये उघडलं. दोघांचे फोल्डर वेगळे असतात. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं असली तरीही बिल्ड अडू शकते, म्हणून साध्या इंग्रजी नावाचा छोटा रस्ता ठेवावा.

दुरुस्तीनंतर पुन्हा बांधताना क्रम पाळावा. आधी हुक (फंक्शनची मेनूतल्या जागेशी जोडणी) सोडवायचा, मग लायब्ररी अनलोड करायची, बांधलेली लायब्ररी असलेला जुना लिबयूडीएफ फोल्डर पुसायचा, नंतर बिल्ड, लोड आणि शेवटी हुक. लोड असलेली डीएलएल (लायब्ररीची फाइल) विंडोज कुलूपबंद ठेवतं, त्यामुळे लिंकरला तिच्यावर लिहिता येत नाही आणि नव्या बिल्डच्या नावाखाली जुनाच कोड चालत राहू शकतो. डिफाइन मॅक्रोचे (फंक्शनची ओळख सांगणाऱ्या सुरुवातीच्या ओळीचे) सगळे आर्ग्युमेंट एकाच ओळीत ठेवावेत. दोन ओळींत तोडले तर बिल्ड फसू शकते.

आता खरी धोक्याची जागा: जिथे संदेशच येत नाही. आत येणारी हवा सरासरी २९ अंश, चढउतार ४ अंश, दुपारी २ वाजता सर्वाधिक. मध्यरात्रीपासून सेकंद मोजले तर सूत्र होतं ३०२.१५ + ४ × साइन(२π × (वेळ − २८८००) ÷ ८६४००). इथे कोणी ‘१/८६४००’ असा भाग आधी वेगळा लिहिला की सी भाषा दोन पूर्णांकांचा भागाकार करून उत्तर शून्य देते. साइन शून्य, तापमान दिवसभर ३०२.१५. रन व्यवस्थित कन्व्हर्ज होतो (उत्तर स्थिरावतं), रंगीत चित्रं सुरेख येतात आणि सूर्य मात्र उगवलेलाच नसतो. ‘१.०/८६४००.०’ लिहायचं, बस. तसंच, मेनूत सेल्सिअस निवडलेलं असलं तरी यूडीएफ एसआय एककांतच बोलते. २९ लिहिलं तर ते २९ केल्विन होतात आणि आयडियल गॅसची घनता दहापट चढते.

दुसरं फंक्शन सोर्सचं, म्हणजे थरात घातल्या किंवा काढल्या जाणाऱ्या उष्णतेचं. समजा ८ तासांत ६ किलो पाणी काढायचं आहे आणि थराचं आकारमान ०.०५ घनमीटर आहे. सुप्त उष्मा किलोला २४ लाख ज्यूल धरला तर सरासरी ५०० वॉट शोषले जातात. फंक्शनने परत द्यायची किंमत मात्र दर घनमीटरला असते, म्हणजे उणे १०,०००. उणे ५०० दिले तर परिणाम विसावा भागच उरतो. ही चूक फार होते. त्यात एक बारकावा आहे. स्थिर उणे १०,००० दिले तर थर थंड झाला तरी तो उष्णता ओढतच राहतो आणि तापमान वेट-बल्बच्याही (बाष्पीभवनाने ओली वस्तू जास्तीत जास्त जितकी थंड होते त्या तापमानाच्याही) खाली जातं. ड्रायरमधली तापलेली हवा ५० अंश आणि वेट-बल्ब २८ अंश धरून (१०,००० ÷ २२ = सुमारे ४५५) सोर्स ‘उणे ४५५ × (तापमान − वेट-बल्ब)’ असा लिहावा आणि डीएसच्या (तापमान एक अंश बदललं की सोर्स किती बदलतो त्या आकड्याच्या) जागी उणे ४५५ द्यावे. डीएसचं चिन्ह अधिक झालं तर सॉल्व्हर डगमगतो.

क्रॅशचे संदेश तर अगदीच दिशाभूल करतात. पॅरललमध्ये (काम अनेक प्रोसेसना, म्हणजे नोडांना, वाटून) रन पडला की ‘९९९९९९’ आकडा आणि ‘एमपीटी रीड फेल्ड’ असं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं नेटवर्क गेलं, आणि तो एमपीआय (नोडांमधला संवाद चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा इन्स्टॉल करायला बसतो. यूडीएफ जोडलेली असेल तर संशय आधी तिच्यावरच घ्यावा. फंक्शनने नसलेल्या मेमरीला हात लावला, एक नोड मेला आणि बाकीचे त्याची वाट बघत अडकले, असंच बहुधा झालेलं असतं. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: यूडीएमआय (प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे मेशच्या तुकड्यात, स्वतःचे आकडे साठवायची जागा) वापरला, पण मेनूत युजर-डिफाइन्ड मेमरीची संख्या शून्यच ठेवली, एनर्जी बंद असताना तापमान मागितलं, ग्रेडियंट मागितला, पण सॉल्व्हरने तो साठवलेलाच नाही, स्टेडी रनमध्ये मागच्या टाइम-स्टेपची किंमत मागितली, मेश बदलल्यावर झोनचा आयडी बदलला आणि लुकअप-थ्रेडमध्ये (आयडीवरून झोन शोधणाऱ्या फंक्शनमध्ये) जुनाच राहिला. फंक्शनचं पोट कॉमेंट करून रिकामं करावं, चालतं का बघावं आणि मग दोन-दोन ओळी परत आणाव्यात. चूक लपलेली ओळ अशीच हाती लागते.

लॅपटॉपवर बरोबर आणि कॉलेजच्या वर्कस्टेशनवर चूक, हा प्रकार बेरजेत होतो. थरातली एकूण शोषलेली उष्णता छापायला सांगितली आणि ४ नोडवर रन केला, तर −१३१, −११८, −१२७, −१२४ अशा चार ओळी येतात. प्रत्येक नोड फक्त आपला वाटा सांगतो. छपाई आटोपशीर व्हावी म्हणून कोणी मेसेज-झिरो (फक्त शून्य क्रमांकाच्या नोडवरून छापणारी आज्ञा) वापरतो आणि मग एकटा −१३१ दिसतो. हे जास्त वाईट, कारण चूक झाकली गेली. आधी पीआरएफ-जीआरसम-वनने बेरीज करावी, मगच छापावं. सेलच्या बेरजेला ‘इंट’ शेवटाचा (नोडच्या स्वतःच्याच सेलांवर फिरणारा) लूप घ्यावा. फेसच्या (सेलच्या बाजूंच्या) बेरजेत प्रिन्सिपल-फेसची अट घालावी, नाहीतर दोन नोडांच्या सीमेवरचा फेस दोनदा मोजला जातो.

विकत घेण्याआधी, किंवा विद्यार्थी आवृत्ती उतरवून बसण्याआधी, एक प्रश्न स्वतःला विचारावा: यूडीएफ लागते आहे का? वरचं तापमानाचं सूत्र आता नेम्ड एक्स्प्रेशनमध्ये (फ्लुएंटमध्येच लिहायच्या सूत्रात) एका ओळीत बसतं. कंपायलर लागत नाही, पॅरललची चिंता नाही, आणि एककं जुळली नाहीत तर ते तिथेच अडवतं. २९ केल्विनची चूक त्यात होणं कठीण. रेषीय सोर्सही एक्स्प्रेशनने लिहिता येतो. यूडीएफ ठेवावी ती प्रत्येक सेलमध्ये उरलेल्या पाण्याचा हिशेब यूडीएमआयमध्ये जपायचा असेल, फाइलमधून आकडे वाचायचे असतील किंवा सेलांवर स्वतःचा लूप फिरवायचा असेल तेव्हाच. या कामांना तिला तोड नाही.

केस फाइल दुसऱ्याला देताना लक्षात ठेवा: तिच्यात लायब्ररीचं नाव आणि हुक असतात, कोड नसतो. गाइडकडे पाठवायच्या फोल्डरात केस आणि डेटासोबत सी फाइल, फ्लुएंटची आवृत्ती, प्रिसिजन आणि युजर-डिफाइन्ड मेमरीची संख्या लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लायब्ररी त्यांच्या मशीनवर नव्याने बांधू द्या.