वेळणेश्वरजवळचं जुनं कौलारू घर: 14 महिने आणि एक पावसाळा काढल्यावर

सिसिलीतल्या सांबूका गावानं 2019 मध्ये एक युरो या किमतीपासून बोली लावून पडकी घरं विकायला काढली, तेव्हा नवऱ्यानं ती बातमी मला चारदा पाठवली. म्हटलं, पडकी घरं गुहागर तालुक्यात वाडीवाडीला आहेत आणि तिथे सुताराशी भांडण निदान मराठीत होईल. गेल्या फेब्रुवारीत घेतलंच. चिऱ्याच्या भिंती, ओटी, माजघर, मागची-पुढची पडवी, 22 गुंठ्यांचं आवार. 17 लाख. डोंबिवलीत एवढ्यात नुसती चौकशी होते.

कागदांनी पैशांपेक्षा जास्त दमवलं. सातबाऱ्यावर सात नावं, त्यातली दोन माणसं वारलेली, वारसनोंदी राहिलेल्या, एक हिस्सेदार बडोद्याला. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, घर भलत्याच आजोबांच्या नावावर. जमीन शेतीची, म्हणजे कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणारा शेतकरी हवा. वडिलांच्या संगमेश्वरच्या सातबाऱ्यावर माझं नाव होतं म्हणून निभावलं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव किंवा कलम 43 चा, म्हणजे विक्रीवर बंधनाचा, शेरा आहे का, हे टोकन देण्याआधी वकिलाला दाखवा. आम्ही आधी टोकन दिलं आणि मग दीड महिना झोप घालवली.

दुरुस्तीचा अंदाज 6 लाख होता, झाले 11. वरचे जवळजवळ सगळे छपरावर गेले.

कौलं उतरवल्यावर कळलं की ती तीन निरनिराळ्या कारखान्यांची आहेत. मंगलोरी कौल उलटं केलं की पाठीवर छाप दिसतो. काहींवर बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेचा होता. मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला तो त्यांनीच. छाप वाचायला मजा आली, पण प्रत्येकाचा साचा वेगळा, एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि पाणी तिथूनच आत येतं. सुतारानं आम्हाला दोन दिवस खळ्यात बसवून छापाप्रमाणे थप्प्या लावायला लावल्या. बासेलची धड कौलं छपराच्या एका पाखीला, म्हणजे एका उताराला पुरली, दुसरीला नवी घेतली.

तरी जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीला माजघरात तीन पातेली मांडावी लागली. मी कौलवाल्याच्या नावानं खडे फोडत होते. सुतार शिडीवर चढला, खालूनच एका वाशावर हात फिरवला आणि म्हणाला, "कौल नाय गळत, वासा वाकलाय." पेचकस टोचला तर खारी बिस्किटात जावा तसा आत गेला. भर पावसात ताडपत्री टाकून चार वासे बदलले, ऐनाचे. वाशांना वरून नवा रंग दिलेला दिसला तर तिथेच आधी टोचून बघा.

भिंतींना आधीच्या मालकानं सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा पाणी पितो. ते सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, मग लोणा, म्हणजे खाराचा पांढरा थर, येऊन पोपडे निघतात. सगळं खरवडून आत चुना केला. वेळ लागला, पण यंदा भिंती कोरड्या आहेत. लोखंडी बिजागऱ्या मात्र खाऱ्या हवेनं एका पावसाळ्यात खाल्ल्या. स्टेनलेस किंवा पितळच घ्या.

माझी खरी चूक वेगळीच. स्वयंपाकघर मोकळं दिसावं म्हणून जुनी चूल फोडली, गॅसची शेगडी आणि प्लायची कपाटं बसवली. ऑगस्ट-सप्टेंबरात सात आठवडे आम्हाला जाता आलं नाही. दार उघडलं तर गाद्यांवर पांढरी बुरशी, कपाटाची दारं फुगून बंदच होईनात, आणि वाळवीची मातकट रेघ भिंतीवरून थेट वरच्या तुळईपर्यंत चढलेली. शेजारच्या काकी मागून येऊन बघत होत्या. "बाय, घराला धूर लागतो," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या घराचे वासे आमच्याहून जुने, काळेकुळकुळीत आणि ठणठणीत. चुलीच्या धुरानं लाकूड कोरडं राहतं आणि किडा धरत नाही. आम्ही घर बंद ठेवायचं घर म्हणून घेतलं होतं, आणि या घरांना नेमकं तेच सोसत नाही. शनिवार-रविवारपुरतं हवं असेल तर माझं ऐका, फ्लॅट बघा. होमस्टे करून खर्च काढू, हा हिशेबही मी वहीतून खोडलाय.

नोव्हेंबरात मागच्या पडवीत चूल पुन्हा घातली. काकी आठवड्यातून दोनदा येऊन पेटवतात, आपल्या आंघोळीचं पाणी तिथेच तापवतात. पैसे विचारले तर रागावल्या. फणसाची वाटणी मात्र चोख केली: आवारात दोन झाडं, कापा त्यांचा, बरका आमचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शाकारणीला माणसं सांगितली आहेत. त्याआधी छपरावर ऊन मोकळं आहे, तर बरक्याची साठं घालून घ्यायची, असं काकींनीच ठरवलंय.