टर्नटेबलखाली सायकलची ट्यूब आणि कडप्पा: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा फ्लॅट ठाण्यात घोडबंदर रोडला लागून, मानपाड्याजवळ. रात्रभर कंटेनर धावतात, त्यात मेट्रोच्या कामाची धडधड. इमारत आरसीसीची, त्यामुळे चालताना जमीन हलत नाही. टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) कंपनांपासून वाचवण्याबद्दलचे, लाकडी घरांत राहणाऱ्या परदेशी हौशी मंडळींचे सल्ले इथे निम्मेच कामाचे. हलतं ते फर्निचर. प्लायवूडच्या पोकळ टीव्ही युनिटवर स्पीकर आणि टर्नटेबल शेजारी शेजारी ठेवले, की डग्ग्याची थाप पडली रे पडली युनिट घुमायला लागतं आणि ती घूम सुईतून परत स्पीकरमध्ये येते.

तुमच्याकडे हे होतंय का ते कळणं सोपं आहे. तबकडी थांबलेली असताना सुई तिच्यावर टेकवा, आवाज बेताचा ठेवा आणि युनिटवर टिचकी मारा. स्पीकरमधून धप्प आलं तर पुढचं वाचा. फोनो स्टेज (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) २० हर्ट्झचा आवाज १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबलने, म्हणजे जवळपास नऊपट वाढवतो. तबकडीवर खाचा कापतानाच खर्ज कमी केलेला असतो, म्हणून हे करावंच लागतं. पण त्यात रस्त्याची थरथरही मोठी होते.

वॉशिंग मशीनखालचे रबरी पॅड टर्नटेबलला निरुपयोगी. साठ-सत्तर किलोच्या मशीनसाठी बनवलेलं रबर पाच-सहा किलोखाली दबतच नाही, आणि दबलं नाही तर ते नुसता ठोकळा. वजनाने १ मिमी दबणारा आधार साधारण १६ हर्ट्झला डोलतो, ४ मिमी दबणारा ८ हर्ट्झला, १० मिमी दबणारा ५ हर्ट्झला. या आकड्याच्या १.४ पटीच्या वरची कंपनंच अडतात. त्याच्या आसपासची उलट वाढतात. टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या दांड्याचा) स्वतःचा डोल ८ ते १२ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणून आधार त्याच्या बराच खाली हवा. (पॅड आता वॉशिंग मशीनखाली आहेत आणि तिथे झकास काम करतात.)

शेवटी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब घेतली. तिच्यात जेमतेम हवा, वर मार्बलवाल्याकडून कापून आणलेला दीड बाय सव्वा फुटी कडप्पा, वजन आठ-नऊ किलो, आणि त्यावर टर्नटेबल. टिचकीचा धप्प जवळजवळ गेला. शांत आलापात मागे तरंगणारी घरघर गेली, डग्गा सुटा ऐकू येऊ लागला. सुरांत जादू वगैरे काही झालेली नाही.

कटकटी आहेत. ट्यूबमधली हवा हळूहळू उतरते, वजन ज्या बाजूला जास्त तिकडे कडप्पा कलतो. पाणसळ हाताशी ठेवावी लागते. रबराचा काळा डाग सनमायकावर पडला तो निघत नाही, तेव्हा मध्ये एखादी टाइल ठेवा. रेकॉर्ड बदलताना हात लागला की सगळं डुलतं.

स्पीकरखाली गादीवाल्याकडून कापून घेतलेले दाट फोमचे तुकडे आहेत. युनिटची घूम त्यांनी छान कमी केली, पण पावसाळा संपेपर्यंत फोम बसला, बदलावा लागला. स्वस्त आहे, बदलायचा.

डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारं यंत्र) आणि अँप्लिफायरखाली हेच तुकडे ठेवून, काढून ऐकलं. फरक शून्य. खोलीतला ५७ हर्ट्झच्या आसपासचा खर्जाचा फुगवटाही तसाच राहिला, कारण समोरासमोरच्या भिंतींत अंतर जेमतेम तीन मीटर आहे आणि तो फुगवटा हवेतला आहे. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर तो थोडा उतरला.